पद्मिनीच्या जन्मतारखा

प्रीमियर पद्मिनी ही १९६४ ते २००१ या काळात कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली चार दारांची गाडी, अशा अर्थाचं वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. गाडी तीच, कारखाना तोच, दोन्ही सालंही हवेतली नाहीत. तरीही कोशातल्या नोंदीत हे वाक्य जसंच्या तसं घेऊ नये, कारण १९६४ साली कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडलेल्या एकाही गाडीवर ‘पद्मिनी’ हे नाव नव्हतं. ते यायला आणखी दहा वर्षं जायची होती.

जुन्या गाडीबद्दल नोंद लिहिणाऱ्याची पहिली अडचण अशी की, ‘मॉडेल’ म्हणून आपण ज्याला ओळखतो ती एक वस्तू नसते. नाव, सांगाडा, इंजिन, कारखाना, परवाना आणि विक्री या सगळ्यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. कंपनी नाव बदलते तेव्हा पत्रा तोच राहतो, पत्रा बदलते तेव्हा इंजिन जुनंच असतं. लिहिणारा मात्र ‘निर्मितीकाळ’ नावाच्या एका रकान्यात दोन सालं टाकून मोकळा होतो. पद्मिनीच्या बाबतीत हा रकाना किती फसवा आहे, ते सविस्तर पाहण्यासारखं आहे.

सुरुवात इटलीतून करायला हवी. १९५३ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात फियाटने नवी ११०० मांडली. कंपनीतला तिचा अंतर्गत क्रमांक १०३. वेगळ्या चासीवर बॉडी चढवण्याची जुनी पद्धत सोडून संपूर्ण सांगाडाच एकसंध केलेली ही गाडी होती. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २३४० मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा. या गाडीचं नाक बदललं, शेपटीला पंख फुटले आणि गेले, दिवे बदलले, पण हे २३४० मिलिमीटर कुर्ल्यातल्या शेवटच्या पद्मिनीपर्यंत तसेच राहिले. वंशावळ शोधताना ग्रिल आणि बंपर पाहू नयेत, कारण ते फॅशनबरोबर बदलतात. व्हीलबेस बदलायचा तर कारखान्यातले साचे आणि जिग नव्याने करावे लागतात, म्हणून तो सहसा बदलत नाही.

भारतात ही ११०० आणली ती प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी ही कंपनी १९४४ साली काढली. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी हातमिळवणी होती, त्यामुळे कुर्ल्यात सुरुवातीला डॉज, डिसोटो, प्लिमथ अशी मोठी धुडं जोडली जात. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून इथे ११०० येऊ लागली. पुढची दारं उलटी, म्हणजे मधल्या खांबाला बिजागऱ्या असलेली, आणि तोंड गोल-फुगीर. मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं आणि जुन्या गाड्यांचे शौकीन आजही तेच म्हणतात. तिच्यामागून एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशा सुधारित आवृत्त्या आल्या. मग १९६४ मध्ये आली ११०० डी, जिचं इथलं विक्रीचं नाव ‘डिलाइट’. तिचं मूळ इटालियन रूप १९६२ अखेरचं. पद्मिनी म्हणून जो चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हाच.

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात बॉनेटवरून फियाट हे नाव उतरलं. थोडा काळ गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ म्हणून विकली गेली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून. नाव चितोडच्या राणीचं. बाजूला उभी करून पाहिली असती तर डिलाइट आणि पहिली पद्मिनी यांत बिल्ल्यांपलीकडे फरक शोधायला डोळे ताणावे लागले असते.

मग पद्मिनीचा जन्म कधीचा? सांगाड्याने मोजलं तर १९५३. अंगावरच्या पत्र्याने मोजलं तर १९६२. भारतातल्या उत्पादनाने १९६४. नावाने १९७४. यातली एकही तारीख चूक नाही. चूक होते ती क्रियापद गाळल्यामुळे. ‘१९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट या नावाने उत्पादन सुरू, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विक्री’ असं लिहिलं की वाद संपतो. जागा थोडी जास्त लागते, पण कोशात जागा वाचवण्यासाठी खरं कापायचं असेल तर कोश हवाच कशाला?

आता इंजिन. माझ्या मते जुन्या गाड्यांवरच्या लिखाणात सर्वांत जास्त गफलत इथेच होते, आणि ती होते अभ्यासू माणसाकडून, आळशी माणसाकडून नव्हे. आळशी माणूस इंजिनाबद्दल लिहीतच नाही. अभ्यासू माणूस विचार करतो की पद्मिनी म्हणजे फियाट ११०० डी, मग ११०० डी चं इटालियन माहितीपत्रक काढू आणि त्यातून आकडे घेऊ. माहितीपत्रक अस्सल, आकडा स्वच्छ छापलेला: १२२१ सीसी. नोंदीत १२२१ लागतात. पण भारतातल्या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं होतं. इटलीत ११०० डी ला मोठं इंजिन मिळालं, कुर्ल्यात मात्र १०८९ चं जुनं इंजिनच चालू राहिलं. सांगाडा एका पिढीचा, इंजिन आधीच्या पिढीचं, असा हा इथला जोड होता. परवान्यावर बनणाऱ्या गाड्यांत असं वारंवार घडतं, म्हणून मूळ देशातली पत्रकं फक्त मूळ देशातल्या गाडीचीच साक्ष देतात असं धरून चालावं.

घोळ इथे संपत नाही. १९६६ साली इटलीत ११०० आर आली आणि तिच्यात पुन्हा १०८९ सीसीचं इंजिन बसवलं. त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा अभ्यासू माणूस १०८९ हा आकडा पाहून ठरवतो की पद्मिनी म्हणजे ११०० आर. तेही चूक. आर चा पत्रा वेगळा, चेहरा वेगळा, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. एका आकड्यावरून ओळख पटवायला गेलं की असं होतं.

सीसीचा आकडा तपासायला मात्र कोणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही, कागद-पेन्सिल पुरे. गॅरेजमध्ये ज्याला बोअर म्हणतात तो सिलिंडरचा आतला व्यास आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, एवढे दोन आकडे हवेत. पद्मिनीचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. व्यासाचं निम्मं ३.४ सेंटिमीटर, त्याचा वर्ग ११.५६, त्याला पायने म्हणजे ३.१४१६ ने गुणलं की ३६.३२, गुणिले धाव ७.५, गुणिले चार सिलिंडर: १०८९ आणि वर थोडं. इटालियन डी चा बोअर ७२, स्ट्रोक तोच ७५. तसाच हिशेब केला की १२२१. एखाद्या नोंदीत बोअर ६८ आणि क्षमता १२२१ असं शेजारी-शेजारी छापलेलं दिसलं, तर लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गाड्यांची पत्रकं एकत्र केली आहेत हे गाडी न पाहताही सांगता येतं.

हाच हिशेब एका धोक्याकडेही बोट दाखवतो. समजा कोणी म्हणालं, पुस्तकं सोडा, मी प्रत्यक्ष गाडीचं इंजिन उघडून मोजतो. तो मोजतो आणि बोअर निघतो साडेअडुसष्ट. म्हणजे जवळजवळ ११०६ सीसी. मग पुस्तकं खोटी? नाही. इंजिन तेल खायला लागलं की मिस्त्री सिलिंडर आतून घासून मोठा करतो आणि वरच्या मापाचा पिस्टन टाकतो. याला बोअर मारणं म्हणतात, आणि तीस-चाळीस वर्षं चाललेल्या बहुतेक इंजिनांना हे एकदा तरी घडलेलं असतं. समोर उभी असलेली गाडी ही मॉडेलचा पुरावा आहे हे खरं, पण तिच्यावर कारखान्यानंतर कोणाकोणाचे हात फिरलेत हे विचारल्याशिवाय तिचा जबाब नोंदवू नये.

अश्वशक्तीबद्दल थोडक्यात. एकाच इंजिनासाठी दोन पत्रकांत दोन आकडे दिसले की एक खोटा, असं समजण्याची घाई करू नये. अमेरिकी एसएई पद्धतीत त्या काळी पंखा, सायलेन्सर, एअर फिल्टर काढून उघडं इंजिन चाचणीच्या टेबलावर मोजत, त्यामुळे आकडा फुगलेला येई. जर्मन डीआयएन पद्धतीत ही सगळी लटांबरं लावूनच मोजत. शिवाय ब्रिटिश अश्वशक्ती आणि युरोपातली मेट्रिक अश्वशक्ती यांत दीड टक्क्याच्या आसपास फरक आहे. आकड्याशेजारी पद्धत लिहावी. पद्धत माहीत नसेल तर आकडा कुठल्या पत्रकातला ते लिहावं.

मग विश्वास ठेवायचा कशावर? माझा क्रम असा आहे. सर्वांत वर कंपनीचं सुट्या भागांचं सूचिपुस्तक, ज्याला पार्ट्स कॅटलॉग म्हणतात. ते जाहिरातीसाठी नसतं. काउंटरवरच्या माणसाने चुकीचा भाग देऊ नये यासाठी असतं. अमुक चासी नंबरपर्यंत हा भाग, तमुक नंबरपासून तो, अशी सीमारेषा त्यात आखलेली असते. बदल कोणत्या गाडीपासून झाला हे इतक्या नेमकेपणाने दुसरं काही सांगत नाही. त्याखाली गाडीबरोबर मिळणारं मालकाचं माहितीपुस्तक आणि वर्कशॉप मॅन्युअल. त्याखाली विक्रीचं रंगीत पत्रक, कारण पत्रकात पुढे येणारी गाडीही छापून टाकतात. मासिकांतली परीक्षणं उपयोगाची, पण परीक्षणाला दिलेली गाडी कधीकधी खास तयार केलेली असते.

काही पुरावे मोटारींच्या कपाटात सापडतच नाहीत. १९५३ साली टॅरिफ आयोगाने मोटार उद्योगावर अहवाल दिला. ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने गाडी इथेच घडवण्याचा कार्यक्रम आहे, त्याच कंपन्यांना राहू द्यावं असा त्याचा रोख होता. शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला. नोंद लिहिणाऱ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे जोडणी आणि निर्मिती यांतली रेघ. १९५४ सालची डुक्कर फियाट आणि १९९० ची पद्मिनी या दोन्हींना ‘भारतात बनलेली’ म्हणता येतं, पण पहिलीतला बराचसा माल पेटीतून आलेला होता. कोणत्या वर्षी किती भाग इथले होते याची चर्चा अशा सरकारी कागदांत असते, जाहिरातीत नसते.

दुसरा पुरावा न्यायालयातला. सरकारने गाड्यांच्या विक्रीच्या किमती बांधून दिल्या तेव्हा कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल १९७१ मध्ये लागला. अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड, या तीन गाड्या करायला खर्च किती येतो आणि कंपनीला नफा किती मिळावा, याची चिरफाड त्या प्रकरणात झाली. किमतींची चौकशी करायला त्यासाठी आयोगही बसला होता. एखाद्या गाडीची किंमत अमुक साली किती होती हे सांगताना माणसं आजोबांच्या आठवणी सांगतात. इथे ती शपथेवर सांगितलेली आहे. पण त्या निकालात ‘पद्मिनी’ शोधाल तर ती सापडणार नाही, कारण हे नाव तेव्हा आलेलंच नव्हतं. जुने कागद चाळताना आजच्या नावाने शोध घेतला की अर्धा पुरावा हातातून निसटतो.

याच्या उलटही घडतं. बोलताना लोकांनी फियाट हे नाव कधी सोडलंच नाही. ‘वडिलांनी ब्याऐंशी साली फियाट घेतली’ असं कोणी सांगितलं तर ती गाडी पद्मिनी असते. त्या सांगण्यात खोट नाही, फक्त ते लिहून घेताना नोंद करणाऱ्याने नाव बदलून लिहायला हवं आणि बदललं आहे हेही लिहायला हवं. आणखी एक गल्लत त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या गाडीमुळे होते. १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई आणली. तिचा पत्रा फियाट १२४ च्या घराण्यातला, इंजिन निस्सानचं, ११७१ सीसी. ‘पद्मिनीला नंतर निस्सानचं इंजिन आलं’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ही गाडी तर नाही ना, हे आधी विचारून घ्यावं.

फोटोंचंही असंच. आपल्याकडे छायाचित्राची तारीख ठरवायला नंबर प्लेट कामी येते. १९८९ मध्ये नवा मोटार वाहन कायदा अमलात आला आणि राज्याची दोन अक्षरं व आरटीओचा क्रमांक ही आजची पद्धत सुरू झाली. त्याआधी महाराष्ट्रातल्या पाट्यांवर ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं असत. तेव्हा एमएच-०१ पाटीची पद्मिनी दिसली तर फोटो १९८९ नंतरचा, एवढं नक्की. गाडी १९८९ नंतरची हे मात्र नक्की नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्या जुन्या गाडीलाही इथे नवा नंबर मिळतो. आरसी बुकात उत्पादनाचा महिना-साल वेगळं आणि नोंदणीची तारीख वेगळी असते, ती यासाठीच.

मूळ मॉडेल आणि मागाहून झालेले बदल वेगळे ठेवणं पद्मिनीत विशेष अवघड, कारण तिचं अर्धं आयुष्य टॅक्सी म्हणून गेलं. प्रीमियरने स्वतः १३७ डी नावाने १३६६ सीसीच्या डिझेल इंजिनाची पद्मिनी काढली होती. ती कारखान्याची आवृत्ती आहे, तिला नोंदीत स्वतंत्र जागा हवी. पण न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईतल्या टॅक्सींच्या डिकीत सीएनजीच्या टाक्या बसल्या, तो बदल कारखान्याचा नाही. ‘पद्मिनी सीएनजी’ नावाचं मॉडेल म्हणून तो लिहिला की चूक झालीच. छताची कॅरिअर, बाहेर बसवलेला मीटर, रेक्झिनची नक्षीदार सीट कव्हरं, हे सगळं टॅक्सीच्या इतिहासात येतं, गाडीच्या तांत्रिक नोंदीत नाही. दांड्यावरचा गियर मात्र येतो. स्टीअरिंगच्या खांबाला लावलेला चार गियरचा दांडा हा बहुतांश काळ गाडीचा मूळ भाग होता, आणि पुढे सलग बाक असल्यामुळे ड्रायव्हरशेजारी दोघं बसत ती सोय त्यातूनच आलेली.

एका वेगळ्या गाडीशी ताडून पाहिलं की प्रश्न जास्त उघड होतो. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि १९८६ मध्ये तिचा पत्रा पूर्ण बदलला. पहिली सुझुकीच्या एसएस८० पिढीची, दुसरी त्यापुढच्या पिढीची. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन आणि नाव मात्र तेच. म्हणजे पद्मिनीत एका गाडीला तीन नावं, मारुतीत एका नावाखाली दोन गाड्या. पहिलीची नोंद नावानुसार तोडली तर एकाच गाडीचे तुकडे होतात, दुसरीची नावानुसार जोडली तर दोन गाड्यांची खिचडी होते. म्हणून सगळ्या गाड्यांना लागू पडेल असा तयार तक्ता वापरण्यावर माझा फार भरवसा नाही. तक्ता भरायला सोपा असतो आणि म्हणूनच तो न शोभणाऱ्या गाडीलाही भरला जातो.

शेवटच्या तारखेचा गोंधळ पहिल्या तारखेएवढाच आहे. पद्मिनीचं उत्पादन कुठे २००० साली थांबल्याचं छापलं जातं, कुठे २००१. पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ती ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली आणि वर्तमानपत्रांनी ‘पद्मिनीचा प्रवास संपला’ अशा आशयाचे मथळे दिले. संपलं काय, तर टॅक्सी म्हणून तिची सेवा. खासगी मालकांच्या पद्मिनी त्यानंतरही रस्त्यावर होत्या आणि आहेत. उत्पादन थांबणं, शेवटची नोंदणी, टॅक्सी सेवेचा शेवट या तीन घटनांना तीन वाक्यं द्यावीत. उत्पादनाच्या सालाबद्दल दोन मतं असतील तर दोन्ही द्यावीत आणि कुठलं कशावर आधारलंय ते सांगावं. सरासरी काढू नये. ऐकायला विनोदी वाटतं, पण ‘२०००-०१’ असं लिहिणं म्हणजे सरासरी काढणंच.

राहिला वर्गीकरणाचा मुद्दा. पद्मिनीला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणावं का? लांबी ३.९३ मीटर. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. अबकारी कराची सवलत मिळावी म्हणून त्यानंतर कंपन्या डिकी कापून गाड्या चार मीटरच्या आत बसवू लागल्या. ही फूटपट्टी लावली तर पद्मिनी आणि तिची डिझेल बहीण दोन्ही छोट्या गाड्या ठरतात. पण ती विकली जात होती तेव्हा ही व्याख्या अस्तित्वात नव्हती, आणि अँबॅसेडरशेजारी ती लहान दिसली तरी घेणाऱ्याच्या लेखी ती पाच-सहा माणसांची, डिकीवाली, घरची मोठी गाडी होती. म्हणून मापं मिलिमीटरमध्ये द्यावीत, लांबी बंपरसकट मोजली की बंपरशिवाय ते सांगावं, आणि ‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द वापरलाच तर तो कोणत्या सालच्या कोणत्या व्याख्येनुसार, हे त्याच ओळीत लिहावं.